लाल ट्रॅक्टरचं गाव

पाटीलकाका “आमच्या गावात” म्हणाले की ऐकणाऱ्याने जरा सावरून बसायचं. ते गाव साताऱ्याकडे नव्हतं, कोकणात नव्हतं, भारतातच नव्हतं. ते होतं फ्रान्सच्या पोटात, रेल्वे नाही, दवाखाना नाही अशा आडबाजूला, शंभरेक उंबऱ्यांचं. आणि पाटीलकाका होते पुण्याचे लिमये, सिंगापुरात केस पांढरे झालेले, बुकित बातोकमध्ये आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये एकटे राहणारे. त्या फ्रेंच गावाबद्दल ते इतक्या अधिकाराने बोलत की कुणीतरी त्यांना ‘पाटील’ म्हणायला सुरुवात केली, आणि लिमये हे आडनाव फक्त पासपोर्टवर उरलं.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते ब्लॉकखालच्या कोपीटियममध्ये, म्हणजे इथल्या कॉफीच्या हॉटेलात. दर शनिवारी सकाळी आमचा मराठी घोळका टेकडीच्या बागेला फेरी मारून तिथे कोपी प्यायला बसतो. त्या दिवशी एकाच्या सांगलीच्या घरात पाणी शिरल्याची बातमी होती, त्यामुळे सगळे नदीबद्दलच बोलत होते. काकांनी नारळाच्या जॅमच्या काया टोस्टचा तुकडा खाली ठेवला. “आमच्या गावाला ते भय नाही,” ते म्हणाले. “नदी उत्तरेकडून येते, गिरणीपाशी अंग चोरून वळते आणि गावाकडे पाठ करून निघून जाते. वस्ती सगळी वर, पांढऱ्या दगडावर. जुन्या लोकांना अक्कल होती.” मी घोळक्यात नवीन होते. विचारलं, “कुठलं गाव काका? वाईच्या पुढे?” टेबलावरचे सगळे हसले. काकांनी गावाचं नाव सांगितलं. चांगलं लांबलचक नाव होतं, आणि त्यातलं एकही अक्षर न गिळता त्यांनी ते म्हटलं. ते नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. तिथे कुणीतरी शांतपणे राहतं, त्यांच्या दारात वाचकांची वर्दळ नको.

मी स्वभावाने संशयी आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. बँकेत मी ज्या विभागात आहे तिथे संशय घेण्याचाच पगार मिळतो. ग्राहक म्हणतो, मी अमुक ठिकाणी राहतो. आम्ही म्हणतो, कशावरून? तो म्हणतो, हा माझा भाऊ. आम्ही म्हणतो, दाखवा. ही सवय ऑफिसात ठेवून घरी येता येत नाही. माझा नवरा म्हणतो, तू भाजीवाल्या आन्टीकडेही एक दिवस पत्त्याचा पुरावा मागशील. तर पाटीलकाका पहिल्या दिवशीच माझ्या नजरेत आले. जिथे माणूस खरोखर राहिलेला असतो तिथली नदी उत्तरेकडून येते की दक्षिणेकडून, हे त्याला असं खडाखडा सांगता येत नाही. माझं माहेर नदीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण कुणी दिशा विचारली तर मला आजही हात हवेत फिरवून बघावा लागतो.

संशय घेणारी मी एकटी नव्हते म्हणा. घोळक्यात प्रत्येकाचा आपापला अंदाज होता. एकाला वाटे, काकांची तिकडे कुणी मैत्रीण असणार. दुसऱ्याला वाटे, नोकरीत असताना त्यांनी काहीतरी लफडं केलं असणार आणि तोंड लपवायला जागा बघून ठेवली असणार. आमच्या शुभदाताईंचा अंदाज सगळ्यांत पक्का होता. “प्लॉट,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “लिहून ठेव अश्विनी. आधी नदी, मग झाडं, मग हवा कशी छान, आणि एका शनिवारी पिशवीतून नकाशा निघणार. आमचा मुळशीचा प्लॉट असाच गळ्यात पडला.” सिंगापुरातल्या मराठी माणसाला एवढ्या प्रेमाने जमिनीबद्दल बोलणारा दुसरा मराठी माणूस भेटला की तो आपसूक पाकिटावर हात ठेवतो. पण शनिवारमागून शनिवार गेले, नकाशा काही निघाला नाही. त्यामुळे माझा संशय उलट वाढला. ज्याला काही विकायचं नाही तो इतकं बोलतो कशाला?

“गाव बघायचं तर पाण्यापासून सुरुवात करावी,” हे काकांचं आवडतं वाक्य. “पाणी कुठून येतं ते आधी विचारावं. मग घरं तिथेच का, रस्ता असा वाकडा का, देऊळ उंचावर का, सगळं आपोआप कळतं.” देऊळ म्हणजे त्यांच्या गावचं चर्च. त्याच्या खाली झरा, झऱ्यावर छप्पर घातलेली कपडे धुण्याची जागा, तिचे दगडी काठ बायकांच्या कोपरांनी गुळगुळीत झालेले. झऱ्यापासून चौकापर्यंत अक्रोडांची रांग. चौकात शाळा, पण ती बंद पडलेली, कारण मुलंच उरली नाहीत. बेकरीही बंद. तिच्या जागी एक मशीन आहे, नाणं टाकलं की लांबोडका पाव बाहेर येतो. हे सांगताना काका हाताने नाणं टाकून दाखवत आणि मग पाव बाहेर येईपर्यंत क्षणभर थांबत.

इतिहासही त्यांना तोंडपाठ होता. खालचा भाग पूर्वी सगळी दलदल. मठातल्या साधूंनी चर खणून ती सुकवली, म्हणून अजूनही त्या शेतांच्या हद्दी सरळ रेघेत आहेत आणि वरच्या शेतांच्या वाकड्या. मग द्राक्षं आली. द्राक्षांवर गाव माजलं, चौकातली दुमजली घरं तेव्हाची. मग वेलींना मुळाशी कीड लागली, मळेच्या मळे वाळून गेले आणि लोक अक्रोडांकडे आणि शेळ्यांकडे वळले. मग महायुद्ध. चौकातल्या दगडावर मेलेल्यांची नावं आहेत आणि त्यांत एकाच घराण्याचं आडनाव खाली खाली येत राहतं. “त्या घरात नंतर कुणी दिवा लावला असेल?” काका म्हणायचे. हे म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा, आणि तेवढ्यापुरता माझा संशयही जरा बाजूला उभा राहायचा.

पण तो फार वेळ बाजूला राहत नसे, कारण काका स्वतःच त्याला खाद्य पुरवत. ज्या गावात शेळीचं चीज होतं त्या गावचा हा पाटील चीजला शिवत नसे. कुणाच्या वाढदिवसाला पिझ्झा आला की ते खुर्ची मागे सरकवत. “वास सहन होत नाही,” म्हणत. फ्रेंच येतं का विचारलं तर “वाचतो” म्हणत. एकदा मी ऑफिसातल्यासारखी सरळ चौकशीच सुरू केली.

“काका, तुम्ही राहायचात कुठे तिथे?”

“चौकाच्या वरच्या अंगाला.”

“किती वर्षं?”

“झाली बरीच.”

“शेजारी कोण होतं?”

“शांत गाव आहे. कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं.”

“चौकाच्या वर काय आहे?”

इथे मात्र ते खुलले. “वर एक गल्ली जाते. सपाट, म्हाताऱ्या माणसालाही सोयीची. शेवटी निळ्या खिडक्यांचं घर आहे, ओसाड, ‘विकणे आहे’ची पाटी लावलेलं. त्यापुढे काही नाही. आणि चौकात लाल ट्रॅक्टर उभा असतो.”

“नेहमी?”

“नेहमी.”

घरी जाताना मी हिशेब मांडला. या गावात दगड होते, पाणी होतं, झाडं होती, पण एकही माणूस नव्हता. ना कुणाचं नाव, ना कुणाचं भांडण, ना कुणाचा कुत्रा अंगावर आलेला. आणि तिथे थंडी कधी पडत नसे. काकांच्या गोष्टीत सदा दुपार, सदा उन्हाळा, आणि तो ट्रॅक्टर. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर नेहमी चौकात उभा असेल तर तो शेती कधी करतो?

एक गोष्ट मात्र मला त्यांच्याबद्दल निर्विवाद ठाऊक होती, आणि ती त्यांनी सांगितलेली नव्हती. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. जुन्या ब्लॉकमध्ये अजून खिडकीबाहेर बांबूच्या काठ्या खुपसून कपडे वाळत घालतात. काकांची काठी बघण्यासारखी असे. शर्टाची एक बाही काठीत ओवायची, मग दुसरी, म्हणजे शर्ट हात पसरून उभा राहतो आणि वाऱ्याने गोळा होत नाही. आणि काठीच्या टोकाला एक फडक्याची गाठ, घट्ट, नारळाएवढी, म्हणजे कपडे सरकून खाली जायला नकोत. अशी गाठ सगळ्या ब्लॉकमध्ये कुणाच्या काठीला नव्हती. शनिवारी दुपारी त्या काठीवर हमखास भगवा टी-शर्ट दिसे. गणेशोत्सवात स्वयंसेवकांना वाटलेला, पाठीवर मोठ्या अक्षरात ‘स्वयंसेवक’ लिहिलेला. सकाळच्या फेरीला काका तोच घालत. हे सगळं मी बघत असे. दुसऱ्याच्या खिडकीत बघू नये हे मलाही कळतं, पण खिडकी समोरच असेल तर माणूस काय करणार?

मग माझ्या मुलीच्या, सईच्या शाळेत भूगोलाचा प्रकल्प आला. एखादी छोटी वस्ती घ्या आणि ती तिथेच का वसली ते सांगा. सई उड्या मारत काकांकडे गेली. काकांनी तिला नदी, झरा, दलदल, द्राक्षं, सगळं दिलं, बसून चित्रंही काढून दिली. प्रकल्प इतका झकास झाला की मला राहवलं नाही. शाळेत द्यायच्या आधी प्रत्येक गोष्ट खरी आहे का ते तपासायला मी फोनवरचा नकाशा उघडला. तोच, ज्यात रस्त्यावर उतरून बाणावर बोट ठेवत पुढे पुढे जाता येतं.

सगळं खरं होतं. गिरणीपाशी नदी वळत होती, अक्रोड रांगेत उभे होते, पावाचं मशीन जागेवर होतं, सपाट गल्लीच्या टोकाला निळ्या खिडक्यांचं घर पाटीसकट होतं. चौकात लाल ट्रॅक्टर उभा होता. मी एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जात राहिले आणि सगळीकडे तीच दुपार होती. सई माझ्या खांद्यावरून बघत होती. “आई, शॅडो बघ ना. सगळे फोटो सेम डे लाह,” ती म्हणाली. “गाडी एकदाच गेली असणार.”

मला एकदम उलगडा झाला. काकांच्या गावात ट्रॅक्टर नेहमी उभा होता, कारण फोटो काढणारी गाडी आली त्या दिवशी तो उभा होता. थंडी नव्हती, कारण ती उन्हाळ्यात आली होती. या माणसाने त्या गावात पाऊल ठेवलेलं नव्हतं. तो तिथे बोटाने चालला होता, आणि एवढं पाठ होईपर्यंत चालला होता. खोटं पकडल्याचा आनंद मला नेहमी होतो तसा झाला. पण त्याच्या मागोमाग भीतीही वाटली. कुठल्याही ओळखीपाळखीशिवाय एक एकटा माणूस एका परक्या गावाची गल्ली न् गल्ली का पाठ करतो? याची जी उत्तरं माझ्या डोक्यात आली त्यांतलं एकही बरं नव्हतं.

पुढच्या शनिवारी बाकीचे कोपी आणायला उठल्यावर मी विचारलं, “काका, संध्याकाळी चर्चची सावली कुठे पडते?”

त्यांनी कप तोंडाला लावला.

“तुम्ही कधी गेलाच नाहीत ना तिथे?”

काकांनी कप बशीत ठेवला. “तू पोलिसात आहेस का?” त्यांनी विचारलं, आणि टोस्ट अर्धा टाकून ते उठून गेले. त्यानंतर बरेच शनिवार ते आले नाहीत. लिफ्टपाशी दिसले तर जिन्याकडे वळत. त्यांची काठी मात्र रोज बाहेर येत होती, बाह्या ओवलेल्या, गाठ जागेवर. शुभदाताई म्हणाल्या, “बघ, दुसरं गिऱ्हाईक शोधत असतील.” मी हो म्हटलं, पण मला ते पटलं नव्हतं.

आणि एका रविवारी सकाळी आमच्या दारावर थाप पडली. घंटा असून थाप. दारात काका, तोच भगवा टी-शर्ट, हातात टॅबलेट, चेहरा उतरलेला. “ट्रॅक्टर गेला,” ते म्हणाले.

मी त्यांना आत घेतलं. पाणी दिलं. त्यांनी ते हातात नुसतं धरून ठेवलं. “फोटो बदललेत. नवे आलेत. सगळं गाव नवं आहे, झाडंसुद्धा वाढलीत. अश्विनी, तू संशयी आहेस. मला तसंच माणूस हवंय. दुसऱ्या कुणाला दाखवलं तर मला बरं वाटावं म्हणून हो म्हणेल. तू म्हणणार नाहीस.”

मग त्यांनी सांगितलं. मी त्यांचंच बोलणं लिहिते, कारण त्यात माझं काही मिसळायला नको. “मला मुलगी आहे, मृणाल. तिची आई ती शाळेत असतानाच गेली, मी वाढवली. त्या समोरच्याच फ्लॅटमध्ये. शिकली, बँकेत लागली, तुझ्यासारखीच. आणि एक दिवस म्हणाली, नोकरी सोडते, एक मुलगा आहे, त्याच्या गावी जाते, शेळ्या आहेत त्यांच्या, चीज करतात. मी म्हटलं, शेळ्या राखायला तुला शिकवलं का? म्हटलं, गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस.” ते थांबले. “माझीच मुलगी. सांगितलं ते ऐकलं. पुढे तिची एक मैत्रीण मला एमआरटीच्या गाडीत भेटली. तिने गावाचं नाव सांगितलं. घर कुठलं ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. बापाने मुलीचा पत्ता परक्या पोरीला कुठल्या तोंडाने विचारायचा?”

म्हणून त्यांनी गाव शोधलं. घर ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळंच गाव बघावं लागलं. एकेक दार, एकेक अंगण, मागची वाट, पुढची वाट. कुठे एखादी खूण सापडेल म्हणून गावाच्या वेबसाइटवरचा इतिहास भाषांतराच्या यंत्रात घालून वाचला. मुलगी सापडली नाही, गाव पाठ झालं. आणि पाठ झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. मुलगी कुठे आहे, असं कुणी विचारलं असतं तर सांगायला काही नव्हतं. गावाबद्दल सांगायला पुष्कळ होतं.

सांत्वन करून घ्यायला ते माझ्याकडे आले नव्हते. मी टॅबलेट पुढे ओढला.

निळ्या खिडक्यांचं घर. पाटी गेली होती, खिडक्यांना नवा रंग होता. दारात एक बाई उभी होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, एका हाताला धरून एक लहान मूल. नकाशावाले रस्त्यावरच्या माणसांचे चेहरे पुसून टाकतात, तसा दोघांचाही पुसलेला. चेहऱ्याच्या जागी नुसता धुरकट डाग. “मीच म्हणालो होतो ना, तोंड दाखवू नकोस,” काका म्हणाले. “आता बघ.”

“ही मृणाल आहे असं तुम्हाला कशावरून वाटतं?” मी विचारलं. माझा आवाज ऑफिसातला झाला होता.

“उभी राहण्याची ढब.”

“ढब पुष्कळांची असते. उंची?”

“तेवढीच वाटते.”

“वाटते चालणार नाही काका. केस?”

“लांब होते. हिचे कापलेत.” त्यांचा आवाज बारीक झाला. “नसेल ना ती? सांग तसं. मला चालेल.”

त्यांना चाललं नसतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पण खोटं हो म्हणणं मला जमत नाही. उद्या हा माणूस विमानात बसेल आणि दारात भलतीच बाई निघाली तर? मी चित्र मोठं केलं, लहान केलं, बाण दाबून दोन पावलं मागे गेले. काका त्या धुरकट डागाकडे बघत होते, त्यांची नजर तिथून हलत नव्हती. मी वर बघितलं. वरच्या मजल्याच्या खिडकीतून एक लांब काठी बाहेर आली होती. तिच्यावर कपडे होते. शर्ट हात पसरून उभे होते, बाह्या काठीत ओवलेल्या. आणि काठीच्या टोकाला फडक्याची गाठ, घट्ट, नारळाएवढी.

मी पुन्हा सगळ्या गावातून फिरून आले. काकांना वाटलं असेल हिला वेड लागलं. पण खात्री करायला हवी होती. सगळ्या गावात कपडे अंगणात दोरीवर वाळत होते. खिडकीतून काठी काढलेलं घर एकच होतं.

“काका, चेहरा सोडा. वर बघा.”

त्यांनी बघितलं. पहिल्यांदा त्यांच्या काही लक्षात आलं नाही, इतकं ते त्यांच्या रोजच्या सवयीचं होतं. मग त्यांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पलीकडे, स्वतःच्या खिडकीकडे बघितलं. तिथे त्यांची काठी होती. ते परत टॅबलेटकडे वळले. “गाठ बांधायला मीच शिकवली,” ते म्हणाले. “शाळेचा युनिफॉर्म खाली पडायचा तिचा.” मग ते रडले. मोठ्याने, कुणाची पर्वा न करता. मीही रडले, आणि सई आतून बाहेर येऊन दोघांकडे बघत राहिली.

“खात्री आहे तुझी?” डोळे पुसून त्यांनी विचारलं.

“आहे.”

“तू म्हणतेस म्हणजे असेल,” ते म्हणाले. आजवर माझ्या संशयाला इतकी मोठी पावती कुणी दिलेली नाही.

पुढचे दिवस काका घाबरलेले होते. फोन करावा तर नंबर नव्हता, पत्र पाठवावं तर उत्तर नाही आलं तर काय. शेवटी ठरलं, सरळ जायचं. बॅगेत मेतकूट, चकल्या, आणि त्या लहान मुलासाठी एक स्वेटर, अंदाजाने घेतलेला. मुलगा की मुलगी ते चित्रावरून कळत नव्हतं, म्हणून पिवळा. “दार उघडलं नाही तर?” त्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं. उघडेल हो, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, “परतीचं तिकीट तारीख बदलता येणारं घ्या.” ते हसले. “घेतलंय,” म्हणाले. टॅक्सीत बसताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग तो हात लगेच काढून बॅगेची चेन नीट लागली आहे का बघितलं.

काही दिवसांनी त्यांचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड केलेला, मध्ये मध्ये धाप. “अश्विनी, सगळं बरोबर होतं, एक सोडून. ती गल्ली सपाट नाही. चढ आहे, चांगला छातीवर येणारा. नकाशात चढ कळतच नाही बघ. आणि इथे पाऊस पडतोय, चिखल आहे, शेळ्यांचा वास आहे. शुभदाताईंना सांग, प्लॉट नाही.” दाराबद्दल एक शब्द नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, “सगळं छान.”

सगळं छान, असं ग्राहकाने लिहून दिलं की आमच्या विभागात धोक्याचे लाल दिवे लागतात. त्यांनी पाठवलेले फोटो मी एकेक करून बघितले. गिरणी. झरा. मृतांची नावं कोरलेला दगड. चर्चची संध्याकाळची सावली, खास माझ्यासाठी. पुन्हा एकही माणूस नाही. दार उघडलंच नसेल तर? जवळच्या कुठल्या गावात खोली घेऊन हा माणूस रोज बसने येऊन फोटो काढत असेल, आणि आम्हाला छान छान सांगत असेल तर? खोटं गाव इतकी वर्षं चालवलेला माणूस खरं दुःख लपवायला किती वेळ लावेल? परतीची तारीख त्यांनी एकदा पुढे ढकलली, मग आणखी एकदा. घोळक्याला त्यात आनंद वाटला. मला त्यात लाज दिसत होती, रिकाम्या हाताने परत यायची लाज. शनिवारी मी कोपी प्यायचे आणि कुणाशी फारसं बोलायचे नाही.

समोरच्या खिडकीतली काठी आता आत ओढलेली होती. भांडी घासताना माझी नजर तिथे जायची आणि परत यायची.

मग एका शनिवारी, आम्ही सगळे टेबलावर असताना, आणखी एक फोटो आला. चढाच्या गल्लीतून वर बघत काढलेला, जरा वाकडा, बहुतेक धाप लागल्यामुळे. निळ्या खिडक्या, बंद दार, ओला रस्ता, माणूस कुणी नाही. शुभदाताईंनी मान लांब करून बघितलं. “काय गं, खरंच तिथे राहतायत ना ते?” त्यांनी हळूच विचारलं. म्हणजे संशय त्यांनाही होता.

मी सवयीने चित्र मोठं केलं. वरच्या खिडकीतून काठी बाहेर आली होती, टोकाला गाठ. काठीवर लहान मुलाच्या चड्ड्या, एक निळा कामाचा कोट, बाईचा एक फ्रॉक. पिवळा स्वेटर, धुतलेला, म्हणजे वापरलेला. आणि सगळ्यात शेवटी, गाठीला टेकून, दोन्ही हात पसरून, पाठ आमच्याकडे करून, भगवा टी-शर्ट. त्या आडगावात त्याच्या पाठीवरचा शब्द वाचू शकणारी माणसं एकाच घरात होती. ‘स्वयंसेवक’.

“राहतायत,” मी म्हटलं. “त्यांचे कपडे तिथे वाळतायत.”